दुकानाची पाटी, जाहिरात की आकाशचिन्ह? फलकांचे वर्ग नियमांत कसे ठरतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात बेकरी सुरू होते आहे. शटरच्या वर आतून उजेड असलेल्या अक्षरांचा बोर्ड, भिंतीला काटकोनात फुटपाथकडे बाहेर येणारी छोटी दुतोंडी पाटी, काचेवर व्हिनायल, दारापुढे स्टँडी (जमिनीवर उभा ठेवायचा सुटा बोर्ड) आणि गच्चीच्या कठड्यावर बेकरीचे नाव, असा सगळा बेत आहे. शिवाय एका जाहिरात कंपनीने गच्चीवर होर्डिंग उभारण्यासाठी सोसायटीला भाडे देऊ केले आहे. बोर्ड करणारा म्हणतो, ‘स्वतःच्या दुकानाच्या पाटीला परवानगी लागत नाही.’ शेजारच्या दुकानदाराला मात्र महापालिकेची नोटीस आली आहे. मग खरे काय धरायचे?

बोर्ड करणारा आणि महापालिका, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघे वेगवेगळ्या फलकांबद्दल बोलत आहेत. तुमच्या यादीत फलक सहा आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने ते सहाही एका वर्गात बसत नाहीत. त्यातही एकच फलक एका कायद्यात एका वर्गात आणि दुसऱ्या नियमावलीत वेगळ्याच वर्गात पडू शकतो. म्हणून ‘बोर्डाला परवानगी लागते का?’ असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. प्रत्येक फलकाला चार प्रश्न विचारावे लागतात. तो कशाला बांधला आहे? ज्या जागेवर आहे तिथल्याच धंद्याबद्दल आहे का? त्यात उजेड आहे का? आणि रस्त्यावरून पाहिले तर त्याच्या मागे भिंत दिसते की आकाश?

आधी हे नियम कुठे आहेत ते सांगतो. पुण्यासारख्या शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याचे कलम २४४ आकाशचिन्हांबद्दल, म्हणजे इमारतीच्या वर उभ्या आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांबद्दल आहे आणि २४५ इतर जाहिरातींबद्दल. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात हीच कामे कलम ३२८ आणि ३२८-अ करतात आणि मजकूर बराचसा सारखाच आहे. या कलमांखाली राज्य सरकारने २००३ मध्ये नियम केले होते, त्यांच्या जागी २०२२ मध्ये नवे आले. हा झाला परवानगीचा आणि शुल्काचा भाग. दुसरीकडे विकास नियंत्रण नियमावली आहे, ती जमिनीच्या वापराच्या झोनप्रमाणे फलकावर मर्यादा घालते. तिसरीकडे राष्ट्रीय इमारत संहितेचा दहावा भाग आहे, तो फलकाकडे बांधकाम म्हणून पाहतो. लोक फक्त पहिल्या दाराशी जाऊन येतात आणि काम झाले असे समजतात.

आता शटरवरच्या बोर्डापासून सुरुवात करू. कलम २४५ चा मूळ नियम कडक आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जमिनीवर, इमारतीवर, भिंतीवर किंवा कोणत्याही रचनेवर जाहिरात उभारता येत नाही, लावता येत नाही आणि आधीपासून असलेली तशीच ठेवताही येत नाही. त्यापुढे सूट आहे. खिडकीच्या आत लावलेली जाहिरात, त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची जाहिरात, ती जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची असल्याची सूचना, तिथेच होणाऱ्या सभेची किंवा कार्यक्रमाची माहिती, या सगळ्याला परवानगी लागत नाही. बोर्ड करणाऱ्याने ऐकलेले असते ते एवढेच. पण या सुटीच्या दारातच दोन अटी आहेत. ती जाहिरात प्रकाशित नसावी आणि ती आकाशचिन्ह नसावी. म्हणजे तुमच्या बेकरीचे नाव साध्या एसीपी शीटवर (बोर्डासाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या तक्त्यावर) रंगवून शटरच्या वर लावले, तर या कलमाखाली परवानगी नको. तीच अक्षरे अ‍ॅक्रिलिकची करून आत एलईडी बसवले की सूट गेली. मजकूर तोच, माप तेच, जागा तीच, तरी वर्ग बदलला. ग्लो साइन बोर्ड आता इतके सरसकट झाले आहेत की ही अट कोणाच्या ध्यानातच येत नाही. शेजाऱ्याला आलेल्या नोटिशीचे कारणही बहुधा इथेच सापडेल. त्यांचा बोर्ड रात्री पेटतो का, ते पाहा.

उजेडाबद्दल याच कलमात एक बारीक खुलासा आहे आणि तो बेकरीवाल्याला फार उपयोगी आहे. मांडलेला माल दिसावा म्हणून केलेली रोषणाई ‘प्रकाशित जाहिरात’ धरली जात नाही, पण त्यालाही दोन अटी आहेत. मालावर वस्तूचे किंवा उत्पादकाचे नाव सांगणारे लेबल असावे, त्याहून जास्त काही नसावे. आणि रात्री माल दिसण्यापुरताच उजेड असावा, तो तेवढाच आहे की जास्त हे आयुक्तांच्या मताने ठरते. काचेच्या कपाटात केक आणि खारी ठेवून वर पिवळे दिवे लावले तर ती मालाची मांडणी आहे. त्याच कपाटाच्या मागे ‘आजपासून वीस टक्के सूट’ असा पेटता पॅनेल लावलात तर ती मांडणी राहिली नाही.

दुसरा प्रश्न धंद्याचा. ‘त्याच जागेत चालणारा धंदा’ या शब्दांवर सगळ्यात जास्त वाद होतात, आणि ते होतात कंपन्यांनी फुकट करून दिलेल्या बोर्डांवरून. रंगाची, शीतपेयाची किंवा मोबाइलची कंपनी दुकानाला बोर्ड करून देते. त्यातला पाऊण भाग कंपनीच्या नावाने आणि चिन्हाने भरलेला असतो, कोपऱ्यात दुकानाचे नाव. दुकानदार म्हणतो, मी तो माल विकतो, म्हणजे हा माझ्याच धंद्याचा बोर्ड. महापालिकेचा निरीक्षक म्हणतो, ही कंपनीची जाहिरात आहे आणि तुम्ही तिला जागा दिली आहे. माझे मत निरीक्षकाच्या बाजूने आहे. ज्या बोर्डावरून दुकानाचे नाव पुसले तरी त्याचा उद्देश जसाच्या तसा राहतो, तो दुकानाचा बोर्ड म्हणणे कठीण आहे. बेकरीसाठी मैदा, लोणी किंवा आइस्क्रीमची कंपनी अशी ऑफर घेऊन येईलच. घ्यायची असेल तर परवानगी आणि शुल्क कोण भरणार हे आधी लिहून घ्या, कारण नोटीस जागेच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या नावाने निघते, कंपनीच्या नावाने निघेलच असे नाही.

त्याच कलमातल्या ‘तशीच ठेवणे’ या शब्दांचाही तुमच्याशी संबंध आहे. गाळा भाड्याने घेताना आधीच्या भाडेकरूचा सांगाडा वर तसाच असतो, आपण फक्त नवा फ्लेक्स ताणतो. आधीच्या माणसाने परवानगी घेतली होती की नाही हे आपल्याला माहीत नसते. कायद्याच्या लेखी विनापरवानगी फलक उभारणारा आणि तो तसाच ठेवणारा, दोघेही सारखेच. ताबा घेतानाच जुन्या बोर्डाचे परवानगीपत्र मागा. नसेल तर सांगाडा उतरवायला सांगा आणि ते ताबापत्रात लिहा.

काचेवरच्या व्हिनायलला फार शब्द खर्च करायला नकोत. सूट खिडकीच्या ‘आत’ लावलेल्या जाहिरातीला आहे, म्हणून व्हिनायल आतल्या बाजूने उलटे छापून चिकटवा. मागून दिवा सोडून त्याचा पेटता डबा करू नका.

आता काटकोनातली पाटी. बाजारपेठेतून चालत येणाऱ्याला शटरवरचा बोर्ड दिसत नाही, ही पाटी दिसते. त्यामुळे सगळ्यांना ती हवी असते. राष्ट्रीय इमारत संहितेत भिंतीला थेट लावलेला किंवा भिंतीवरच रंगवलेला तो भिंतीवरचा फलक आणि इमारतीच्या भागापासून ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येणारा तो पुढे आलेला फलक. या ३०० मिलिमीटरचे महत्त्व साधे आहे. तेवढ्या अंतरापर्यंत फलक भिंतीच्या आधाराने राहतो. त्यापुढे तो लोखंडी ब्रॅकेटवर लोंबकळतो, वारा त्याला पिळतो, आणि पडला तर खाली फुटपाथ असतो. शिवाय तो तुमच्या हद्दीतून निघून सार्वजनिक रस्त्याच्या वरच्या जागेत शिरतो, मग तिथे रस्त्यावर बांधकाम पुढे काढण्याचे नियमही लागू होतात. तुमची पाटी दोन फूट बाहेर येणार असेल तर ती भिंतीवरची पाटी आहे असे अर्जात लिहू नका. पाहणीला आलेला माणूस टेप लावतो.

इथेच झोनचा विषय येतो. लोक तो नेहमी विसरतात, म्हणून थोडा तपशिलात सांगतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने फलकांची झोनप्रमाणे केलेली विभागणी समजायला सगळ्यात सोपी आहे; त्या नियमावलीच्या जागी २०१८ मध्ये नवी आली, म्हणून पुढची मापे नमुना म्हणून वाचा. निव्वळ निवासी झोनमध्ये न लुकलुकणारे, निऑन नसलेले आणि ४० वॉटपर्यंतच्या उजेडाचे फलकच चालतात, आणि तेही तीनच प्रकारचे. प्रत्येक घराला ०.१ चौरस मीटरपर्यंतची एक नामपट्टी, म्हणजे साधारण वीतभर उंच आणि हातभर लांब. त्या झोनमध्ये चालणाऱ्या इतर वापरांना, म्हणजे शाळा, दवाखाना वगैरेंना, ओळख सांगणारा एक फलक, १० चौरस मीटरपर्यंत आणि दीड मीटरपेक्षा जास्त उंच नसलेला. आणि ‘विकणे आहे’, ‘भाड्याने देणे आहे’ या पाट्या २ चौरस मीटरपर्यंत, त्याही त्याच जागेवर. दुकानांची ओळ असलेल्या निवासी झोनमध्ये धंद्याचा फलक चालतो, पण तो न लुकलुकणारा, भिंतीला समांतर, एक मीटरपर्यंत उंच आणि समोरच्या राहत्या इमारतीकडे तोंड नसलेला हवा. व्यापारी झोनमध्ये लुकलुकणाराही चालतो, समांतरपणाची, एक मीटर उंचीची आणि राहत्या घरांकडे तोंड नसण्याची अट मात्र तिथेही आहेच.

या विभागणीमागे कोणाची काळजी आहे ते पाहा. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर झोपणाऱ्या माणसाच्या खिडकीत रात्रभर लाल-निळा उजेड पडू नये, ही त्या अटीची खरी पोटतिडीक आहे. मला ही अट मनापासून पटते आणि ती पाळली जात नाही याचे वाईटही वाटते. दुकानदाराला रात्री दहानंतर त्या उजेडाचा उपयोग नसतो, पण समोरच्या घरातल्या आजारी माणसाला त्याचा त्रास पहाटेपर्यंत होतो. तुमची बेकरी निवासी इमारतीच्या तळमजल्यावर आहे. या मोजमापाने पाहिले तर शटरवरचा, भिंतीला समांतर, मीटरभर उंचीचा स्थिर उजेडाचा बोर्ड तिथे शोभतो, काटकोनातली पाटी बसत नाही. मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक नागरी भागाला २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तुमच्या वास्तुविशारदाकडून त्यातली फलकांची तरतूद आणि तुमच्या प्लॉटचा झोन दाखला, दोन्ही एकत्र मागवून घ्या. बोर्ड करणाऱ्याला झोन माहीत असण्याचे कारण नाही. त्याला रुंदी, उंची आणि किती दिवे एवढेच माहीत असते.

स्टँडीचा निकाल लगेच लागतो. कलम २४५ मध्ये ‘रचना’ या शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद केला आहे. त्यात ट्राम, बस, इतर वाहने आणि मुख्यतः जाहिरातीसाठी वापरला जाणारा कोणताही हलता फलक येतो. त्यामुळे चाकावरची जाहिरात गाडी आणि दारापुढचा घडीचा बोर्ड यांना ‘हे काही बांधकाम नाही’ म्हणून सुटता येत नाही. शिवाय स्टँडी फुटपाथवर ठेवली की ती रस्त्यावरची वस्तू होते, आणि कलम २३१ खाली अशी वस्तू नोटीस न देताही उचलता येते. दुकानाच्या उंबऱ्याच्या आत ठेवा. अंध माणूस आणि लहान मुलाची गाडी ढकलणारी आई फुटपाथवरून जाते, हे कारण कायद्यापेक्षाही मोठे आहे.

आता गच्चीकडे जाऊ, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. आकाशचिन्हाची व्याख्या लांबलचक आहे. तिचा गाभा असा: जाहिरात, सूचना किंवा दिशा सांगणारा शब्द, अक्षर, प्रतिकृती किंवा चिन्ह, जे खांबाच्या किंवा सांगाड्याच्या आधाराने पूर्णतः वा अंशतः इमारतीवर किंवा तिच्या वरच्या बाजूला उभे आहे आणि ज्याचा कोणताही भाग कोणत्याही रस्त्यावरच्या कोणत्याही बिंदूपासून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो, ते आकाशचिन्ह. त्याचा खांब आणि सांगाडाही त्याचाच भाग. जाहिरातीसाठी सोडलेला फुगासुद्धा यात येतो. हा विचार जुना आहे. १८९१ साली लंडनमध्ये गच्च्यांवरच्या अक्षरांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला होता, आपल्या कलमांची ठेवण तिथलीच आहे. ‘कोणत्याही बिंदूपासून’ हे शब्द ध्यानात ठेवा. समोरच्या रस्त्यावरून तुमच्या फलकामागे उंच इमारत दिसते म्हणून तो सुटत नाही. मागच्या गल्लीच्या टोकावरून त्याची एक कड जरी आकाशावर दिसली, तरी पुरे.

यालाही अपवाद आहेत आणि तुमच्या कठड्यावरच्या नावासाठी त्यातला एक नीट वाचायला हवा. भिंतीच्या माथ्यावर, कठड्यावर किंवा छपराच्या आढ्यावर घट्ट बसवलेला फलक आकाशचिन्ह धरला जात नाही, पण तो सलग एका पृष्ठभागाचा हवा, जाळीदार किंवा मोकळ्या कामाचा नसावा, आणि ज्यावर बसवला त्याच्या वर तीन फुटांपेक्षा जास्त उंच जाऊ नये. आता तुमचे डिझायनर काय सुचवतील ते मला माहीत आहे: बारीक लोखंडी पट्ट्यांवर सुटी उभी केलेली अक्षरे, मधून आकाश दिसते, देखणी दिसतात. ती दोनच फूट उंच असली तरी आकाशचिन्ह ठरतात, कारण पृष्ठभाग सलग नाही. त्याऐवजी अडीच फूट उंचीची सलग पट्टी कठड्याला बोल्ट करून तिच्यावर अक्षरे रंगवली तर ती या कलमातून बाहेर पडते. इमारत संहितेच्या भाषेत मात्र ती तरीही छतावरचाच फलक राहते, कारण तिथे कठड्यावर किंवा त्याच्या वर असलेले सगळे त्या वर्गात मोडते, छतावर रंगवलेलेसुद्धा. म्हणजे आकाशचिन्हाची परवानगी टळली तरी मजबुतीचा प्रश्न टळत नाही. आणि उजेड घातलात तर कलम २४५ ची सूटही जाते, हे आधीचे गणित विसरू नका.

आकाशचिन्हाची परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी देता येत नाही, आणि ती मध्येच आपोआप रद्द होण्याची कारणे कलमातच आहेत. सुरक्षिततेसाठी शहर अभियंत्याने सांगितलेली भर सोडून दुसरी कोणतीही भर घातली, फलकात किंवा त्याच्या भागात बदल केला, अपघाताने किंवा गंजून एखादा भाग पडला, खालच्या इमारतीत असा बदल केला की फलक हलवावा लागला, किंवा इमारत ओस पडली वा पाडली, की परवानगी संपली. होर्डिंगचे मालक बहुधा दोन वर्षांची तारीख सांभाळतात आणि या कारणांकडे पाहत नाहीत. सोसायटीने गच्चीवर वॉटरप्रूफिंग करताना सांगाड्याचे दोन पाय सोडवून पुन्हा बसवले, तर परवानगी शिल्लक आहे असे मी तरी गृहीत धरणार नाही. नवा अर्ज करायला लावीन.

मोठ्या होर्डिंगमध्ये वर्ग ठरवण्याची चूक जिवावर बेतते. इमारत संहिता बंद फलक आणि मोकळा फलक असा भेद करते. ज्याचे निम्म्याहून जास्त क्षेत्र भरीव किंवा झाकलेले आहे तो बंद, ज्याच्या निदान निम्म्या क्षेत्रातून वारा आरपार जातो तो मोकळा. फ्लेक्स ताणलेले प्रत्येक होर्डिंग बंद फलक आहे आणि वाऱ्यापुढे ते शिडासारखे वागते. फ्लेक्सला चार-दोन भोके पाडून ते मोकळे होत नाही. जमिनीवरचा, इमारतीला न जोडलेला, खांबावरचा फलक हा वेगळा वर्ग आहे आणि त्याची उंची संहितेने जमिनीपासून ९ मीटरपर्यंत ठेवली आहे.

आकडेच पाहा. इमारतींवर वाऱ्याचा किती भार धरायचा हे सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबईसाठी ४४. दाबाचे सूत्र वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणण्याचे; उत्तर न्यूटनमध्ये येते, ते ९.८ ने भागले की किलो. उंचीचे आणि आकाराचे गुणक सोडून दिले तरी पुण्यात चौरस मीटरला सुमारे ९३ किलोचा आडवा दाब येतो. तुमच्या गच्चीवर २० बाय १० फुटांचे साधे होर्डिंग लावले तर त्याच्यावर जवळजवळ पावणेदोन टनांचा आडवा धक्का, आणि तो इमारतीला कधी हिशेबात न धरलेल्या ठिकाणी. गच्चीचा कठडा बहुतेक ठिकाणी चार किंवा नऊ इंची विटांचा असतो. तो माणसे पडू नयेत म्हणून असतो, त्याला होर्डिंगचा पाय जखडायचा नसतो. पाय खालच्या कॉलमवर आणि बीमवर उतरले पाहिजेत.

मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात पेट्रोल पंपावर कोसळलेले होर्डिंग १२० बाय १२० फुटांचे होते. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. १७ माणसे गेली. बाजू तिप्पट केली की क्षेत्र नऊपट होते, एवढे सगळे सांगतात. पण पायाला उलथवणारा जोर क्षेत्र आणि उंची यांच्या गुणाकाराने वाढतो, म्हणून तो तळापासून मोजला तर सत्तावीसपट होतो. मुंबईच्या मूळ वेगाने ४० फुटी चौकोनावर साडेसतरा टनांच्या आसपास धक्का येतो, १२० फुटी चौकोनावर सुमारे १५८ टन. मापाची मर्यादा शोभेसाठी ठेवलेली नसते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले. ते होर्डिंग रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर होते आणि परवानगी नेमकी कोणाची यावरून वाद झाला. कलम वाचले तर आकाशचिन्हाच्या व्याख्येतून रेल्वेला मिळणारी सूट फार अरुंद आहे. फलक केवळ रेल्वेच्याच कामकाजाचा हवा, पूर्णपणे रेल्वेच्या रुळांवर, स्थानकात, यार्डात, फलाटावर किंवा स्थानकाच्या वाटेवर हवा, आणि असा ठेवलेला हवा की तो रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडूच शकणार नाही. ज्यांनी हे कलम रचले त्यांनी ‘पडण्याचा’ विचार व्याख्येतच केला होता.

उतरवतानाही तेवढीच काळजी लागते. पुण्यात मंगळवार पेठेत ५ ऑक्टोबर २०१८ रोजी होर्डिंगचा सांगाडा काढण्याचे काम चालू असताना तो चौकात पडून चार माणसे दगावली. काढण्याचे कामही अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे, वरून खाली, रस्ता बंद ठेवूनच व्हायला हवे.

तुम्ही विचारले नाही, तरी उद्घाटनाच्या आणि गणपतीच्या फ्लेक्सबद्दल सांगून ठेवतो. संहितेत तात्पुरता फलक म्हणजे कापड, कॅनव्हास किंवा तशाच हलक्या वस्तूचा, ठरावीक मुदतीसाठी लावलेला, चौकट असो वा नसो. ‘तात्पुरता आहे’ म्हणून परवानगी टळत नाही, फक्त वर्ग आणि मुदत बदलते. विजेच्या खांबावर, झाडावर किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर लावलात तर १९९५ चा मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा येतो, आणि त्यातल्या ‘लोकांना दिसणारी जागा’ या व्याख्येत खासगी इमारत, भिंत, कुंपण, झाडसुद्धा धरले आहे. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेत ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर आदेश दिला. महापालिका आज जी कारवाई करतात तिचा बराच आधार तो आहे.

नामफलकाच्या भाषेचा नियम या सगळ्यापेक्षा वेगळा आहे, तो दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आला. नाव देवनागरी मराठीत आधी, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. कामगार कितीही कमी असले तरी तो लागू आहे. आपल्या बेकरीचे नाव आपल्या भाषेत ठसठशीत लिहिण्यात कोणाला अडचण वाटू नये.

हे उत्तर परदेशातले मराठी वाचकही वाचतात आणि अमेरिकेत दुकान काढणाऱ्यांना हेच वर्गीकरण तिथल्या शहरांच्या झोनिंग कोडमध्ये भेटते. तिथे मजकुरावरून वर्ग पाडायला मोठी अडचण आहे. अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावाने वैचारिक फलकाला २० चौरस फूट आणि कार्यक्रमाची वाट दाखवणाऱ्या फलकाला ६ चौरस फूट अशी वेगवेगळी मापे दिली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती व्यवस्था रद्द केली. तरी ‘फलक त्याच जागेच्या धंद्याचा की बाहेरच्या’ हा भेद ऑस्टिन शहराच्या प्रकरणात २०२२ मध्ये टिकला. आपल्या कलम २४५ चा कणाही तोच भेद आहे.

आता तुमचा अर्ज. शटरवरचा प्रकाशित बोर्ड आणि कठड्यावरची पट्टी यांचे दोन वेगळे अर्ज करा. एकाच अर्जात ‘दुकानाचे बोर्ड’ असे मोघम लिहिले की अर्ज लोंबकळतो. प्रत्येकाचा दर्शनी आराखडा मीटरमध्ये, भिंतीपासून किती बाहेर येतो ते बाजूच्या रेखाचित्रात, दिव्याचा प्रकार आणि वॉट, तो लुकलुकत नाही हे स्पष्ट लिहिलेले, रस्त्याच्या दोन्ही टोकांवरून काढलेले फोटो, गाळ्याचा करार आणि दर्शनी भिंत व कठडा वापरायला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने दिलेली संमती, हे जोडा. काटकोनातली पाटी सोडून द्या, त्याऐवजी शटरवरचा बोर्ड थोडा लांब करा.

होर्डिंगबद्दल सोसायटीला माझा सल्ला विचाराल तर भाड्याचा आकडा पाहण्याआधी इमारतीच्या मूळ संरचना अभियंत्याला गाठा आणि गच्चीवर हा भार बसतो का ते लेखी घ्या. कंपनीने आणलेल्या अभियंत्याच्या स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर विसंबू नका, सोसायटीने स्वतः नेमलेल्याचे घ्या. करारात परवानगी कंपनीच्या नावावर, तिची प्रत सोसायटीकडे, तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा, दर पावसाळ्यापूर्वी तपासणी आणि मुदत संपताच सांगाड्यासकट उतरवण्याचा खर्च कंपनीचा, ही कलमे नसतील तर सही करू नका.